मात्रा जाणणारा मास्तर

गेल्या पावसाळ्यात, शाळा सुरू होऊन आठ-पंधरा दिवस झाले असतील नसतील, तोच एक पालक आमच्या कार्यालयात येऊन बसले. त्यांची कन्या आमच्या इंदूरच्याच शाळेतून बारावी होऊन गेलेली. पुढे भौतिकशास्त्र घेऊन ती बी.एस्‌सी. झाली आणि आता तिने एम.एस्‌सी. करून कर्करोगाच्या इस्पितळात 'मेडिकल फिजिसिस्ट' व्हायचे ठरविले होते. पालकांनी टोपी काढून मेजावर ठेवली आणि म्हणाले, "सर, पोरगी हुशार आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण इस्पितळात काम करायचं आणि डॉक्टर व्हायचं नाही, यंत्रापाशी उभं राहायचं आणि इंजिनिअर व्हायचं नाही, हे कसलं शिक्षण? उद्या कुणी स्थळ घेऊन आलं तर सांगायचं काय?"

आम्ही मराठीचे मास्तर. भौतिकशास्त्राशी आमचा संबंध मॅट्रिकनंतर सुटला तो सुटलाच. तरीही ह्या गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला ठाऊक होते, आणि ते आम्हाला कोणत्याही ग्रंथात सापडलेले नव्हते. आमच्या घरच्याच एका दुखण्याने ते आम्हाला शिकविले होते.

सन २००४ मध्ये आमच्या वडील भगिनी, ज्यांना आम्ही सारी भावंडे अक्का म्हणत असू, कर्करोगाने आजारी झाल्या. शस्त्रक्रियेचा काळ टळून गेला होता. डॉक्टरांनी किरणोपचार सुचविले. रोज सकाळी अक्काला घेऊन जायचे, कोबाल्टच्या यंत्राखाली तिला निजवायचे, जाड दार बंद व्हायचे, आणि दोन-तीन मिनिटांनी ते पुन्हा उघडायचे, असे सहा आठवडे चालले. एका रविवारी विसरलेली छत्री आणावयास आम्ही तेथे गेलो, तर त्या खोलीत यंत्राखाली रुग्णाच्या जागी पाण्याने भरलेले एक चौकोनी पात्र ठेवलेले, आणि एक तिशीचा तरुण त्यात नळीसारखे काहीतरी सोडून वहीत आकडे टिपीत बसलेला. "आपण डॉक्टर का?" आम्ही विचारले. "नाही सर, मी भौतिकशास्त्रवाला. उद्या तुमच्या ताईंना यंत्राखाली किती सेकंद ठेवायचं, तो हिशेब माझ्याकडे असतो."

आम्ही थोडा वेळ तेथे रेंगाळलो. बोलता बोलता तो हसून म्हणाला, "आमच्या मास्तरांनी मला विचारलं होतं, फिजिक्स करून शेवटी मास्तरच होणार ना?" हे वाक्य ऐकून आम्ही मान खाली घातली. वाचकहो, हेच वाक्य आम्ही स्वतः आमच्या शाळेत किती मुलांना ऐकविले असेल, ह्याची गणती आम्हाला देता येणार नाही.

मात्रेचा प्रश्न

मराठीच्या शिक्षकाला 'मात्रा' हा शब्द दोन ठिकाणी भेटतो. एक वृत्तात, आणि दुसरा वैद्याच्या पुडीत. वृत्तात मात्रा चुकली तर ओळ लंगडते, फार तर कवीची फजिती होते. वैद्याच्या मात्रेचे तसे नाही. हेमगर्भाची मात्रा सहाणेवर किती वळसे उगाळायची, हे घरातली जाणती आजीच ठरवीत असे, पोरासोरांच्या हाती ती कुणी देत नसे. किरणोपचारातील मात्रा ही तर ह्याहून नाजूक गोष्ट. जे किरण गाठीतील पेशी मारतात तेच शेजारच्या निरोगी पेशींनाही मारतात. मात्रा कमी पडली तर गाठ पुन्हा उभी राहते, अधिक झाली तर आतडे, मूत्राशय, मज्जारज्जू असे काहीतरी कायमचे दुखावते. गाठीला पोचणारी मात्रा ठरविलेल्या मात्रेपेक्षा शेकडा पाचाहून अधिक चुकू नये, असा दंडक १९७६ साली एका आंतरराष्ट्रीय आयोगाने घालून दिला. डॉक्टर मात्रा लिहून देतो. ती मात्रा शरीराच्या आत, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी, नेमकी तितकीच पोचते आहे, ह्याची जबाबदारी ज्याच्यावर असते तो हा भौतिकशास्त्रज्ञ.

ह्या विद्येला आज जे रूप आले आहे ते देणाऱ्यांत एका कॅनडावासी शिक्षकाचे स्थान फार वरचे आहे. त्याचे नाव हॅरल्ड एल्फर्ड जॉन्स. अक्काच्या आजारानंतर आम्ही मिळेल तेथून त्याच्याविषयी वाचीत गेलो, आणि जे हाती लागले ते आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

गव्हाच्या मुलखातले विद्यापीठ

जॉन्स ह्यांचा जन्म ४ जुलै १९१५ रोजी चीनमधील चेंगडू येथे झाला. आईवडील कॅनडाचे, मिशनच्या कामासाठी तेथे गेलेले. वडील गणित शिकवीत. १९२५ नंतरच्या काळात चीनमध्ये अशांतता माजली, तेव्हा हे कुटुंब तो देश सोडून परतले. मुलाने पुढे टोरांटो विद्यापीठातून भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळविली ती १९३९ साली, म्हणजे ऐन महायुद्धाच्या तोंडावर. युद्धकाळात ते एडमंटनला अल्बर्टा विद्यापीठात शिकवीत होते, आणि विमानाच्या ओतीव भागांत भेगा आहेत काय हे क्ष-किरणांनी तपासण्याचे कामही त्यांच्याकडे होते. धातूच्या आत काय दडले आहे हे पाहण्याची सवय जडलेल्या ह्या माणसाला पुढे मनुष्यदेहाच्या आत पाहावयाचे होते.

१९४५ साली ते सास्काटूनला आले. सास्काटून हे सस्कॅचेवान प्रांतातले शहर. सपाट माळ, मैलोगणती गव्हाची शेते, आणि हाडे गोठविणारा हिवाळा. मोठमोठ्या विद्यापीठांच्या पंक्तीत ह्या गावाला कुणी पाट मांडला नसता. परंतु ह्या प्रांताने एक गोष्ट अशी केली होती की जी त्या काळी श्रीमंत प्रांतांनाही सुचली नव्हती. टॉमी डग्लस ह्यांच्या सरकारने १९४४ साली कायदा करून कर्करोगाची तपासणी व उपचार प्रांतातील रहिवाशांना विनामूल्य केले होते. शेतकऱ्याच्या बायकोलाही उत्तम उपचार मिळाला पाहिजे असे एकदा सरकारने ठरविले की मग उत्तम उपचार म्हणजे काय, हे शोधणारी माणसेही पदरी बाळगावी लागतात. जॉन्स एकीकडे विद्यापीठात शिकवीत आणि दुसरीकडे प्रांताच्या कर्करोग आयोगाचे भौतिकशास्त्रज्ञ म्हणून काम पाहत.

त्या वेळची अडचण अशी. उपचाराला वापरले जाणारे क्ष-किरण दोन-चार लक्ष व्होल्टांचे असत. त्यांचा सर्वांत जास्त मारा कातडीवरच होई. गाठ खोल असली तर तिच्यापर्यंत पुरेसे किरण पोचण्याआधीच वरची कातडी भाजून निघे. रेडियमचे किरण अधिक भेदक खरे, पण रेडियम इतके दुर्मिळ की मोठ्या इस्पितळांपाशीही ते ग्रॅमांत मोजावे लागे. जॉन्स ह्यांनी प्रथम बीटाट्रॉन नावाचे यंत्र मिळविले आणि १९४९ साली त्यावर रुग्णांना उपचार सुरू केले. परंतु ते यंत्र खर्चिक आणि सांभाळावयास अवघड, गावोगावी पोचण्यासारखे नव्हे.

कोबाल्ट

इंग्लंडचे भौतिकशास्त्रज्ञ मेनॉर्ड ह्यांच्या व्याख्यानांतून जॉन्स ह्यांच्या कानी कोबाल्ट-६० चे नाव पडले होते. साधा कोबाल्ट धातू अणुभट्टीत ठेवला की त्यातील काही अणू न्यूट्रॉन गिळून कोबाल्ट-६० बनतात, आणि त्यांतून दहा लक्ष व्होल्टांहून अधिक सामर्थ्याचे गॅमा किरण बाहेर पडतात. ह्या किरणांचा विशेष असा की त्यांची कमाल मात्रा कातडीवर न पडता सुमारे अर्धा सेंटिमीटर आत पडते. कातडी वाचते, आणि खोलवरच्या गाठीपर्यंत पुरेसा मारा पोचतो. हजार क्युरी कोबाल्ट म्हणजे किरणांच्या हिशेबाने सुमारे दीड किलो रेडियम. एवढे रेडियम एका इस्पितळाने स्वप्नातही पाहिले नसते.

कॅनडाच्या चॉक रिव्हर येथे एन.आर.एक्स. नावाची अणुभट्टी १९४७ पासून चालू होती. तिच्यात कोबाल्टच्या लहान लहान चकत्या दीर्घ काळ ठेवून तेथे तीन मोठे किरणस्रोत तयार करण्यात आले. त्यांतला एक सास्काटूनच्या वाट्याला आला, आणि दुसरा त्याच देशातल्या ओंटारिओ प्रांतातील लंडन ह्या शहराच्या. सास्काटूनचा स्रोत ३० जुलै १९५१ रोजी पोचला. तो ज्या यंत्रात बसवावयाचा ते यंत्र जॉन्स व त्यांच्या विद्यार्थ्यांनी आखले होते, आणि घडविले होते गावातल्याच एका यंत्रशाळेच्या कारागिराने. शिशाने भरलेल्या पोलादी डोक्यात एक चाक, चाकाच्या कडेवर कोबाल्ट. चाक फिरले की कोबाल्ट भोकासमोर येई आणि किरण सुटत, उलट फिरले की तो पुन्हा शिशाच्या आड जाई.

आता पुढचा भाग आम्हाला ह्या सगळ्या कहाणीत सर्वांत मोलाचा वाटतो. लंडनच्या मंडळींनी २७ ऑक्टोबर १९५१ रोजी आपला पहिला रुग्ण उपचारासाठी घेतला. सास्काटूनचे यंत्र तर ऑगस्टपासूनच तयार होते. जगात पहिले म्हणवून घेण्याचा मान हाताशी होता. परंतु जॉन्स ह्यांनी रुग्णाला यंत्राखाली निजविले नाही. ते व त्यांचे विद्यार्थी आठवडेच्या आठवडे मोजमाप करीत राहिले. कोणत्या खोलीवर किती मात्रा पडते, झोत रुंद केला तर ती किती वाढते, कडेला किती उतरते, हे सारे एकेक आकड्याने कोष्टकात भरले गेले. ८ नोव्हेंबर १९५१ रोजी, म्हणजे लंडननंतर बारा दिवसांनी, सास्काटूनला पहिला रुग्ण घेतला गेला. ती त्रेचाळीस वर्षांची, चार मुलांची आई होती. गर्भाशयमुखाचा कर्करोग पुष्कळ पुढे गेलेला. ही बाई नव्वद वर्षांपर्यंत जगली. त्याच यंत्रावर १९७२ पर्यंत सहा हजार सातशेहून अधिक रुग्णांना उपचार मिळाले.

ही कोष्टके तयार करण्यात एका तरुणीचा मोठा वाटा होता. सिल्व्हिया फेडोरुक हे तिचे नाव. युक्रेनमधून आलेल्या कुटुंबातली ही मुलगी एका खोलीच्या खेड्यातील शाळेत शिकली, आणि तेथे तिचे वडीलच तिचे मास्तर होते. जॉन्स ह्यांनी तिला हाताशी धरले. ती कर्करोग आयोगाची भौतिकशास्त्रज्ञ झाली, १९७३ साली कॅनडाच्या अणुऊर्जा नियंत्रण मंडळावर नेमली गेलेली पहिली स्त्री ठरली, आणि १९८८ ते १९९४ ह्या काळात सस्कॅचेवानची लेफ्टनंट गव्हर्नर होती. मधल्या काळात, १९६१ साली, बर्फावरच्या कर्लिंग ह्या खेळात तिचा संघ राष्ट्रीय विजेताही ठरला. २०१२ मध्ये ती निवर्तली. मुलींनी शास्त्र शिकून काय करावे असे विचारणाऱ्या पालकांना आम्ही आता हे एक नाव सांगतो आणि गप्प बसतो.

यंत्रापेक्षा माणसे

जॉन्स ह्यांनी आणखी काही केले नसते तरी त्यांचे नाव राहिले असते. परंतु आम्हा शिक्षकांना त्यांच्याबद्दल विशेष आपुलकी वाटते ती पुढच्या कामगिरीमुळे. १९५३ साली त्यांनी किरणोपचाराच्या भौतिकशास्त्रावर पाठ्यपुस्तक लिहिले. ते पुढे वाढत गेले, नाव बदलले, आणि त्याची चौथी आवृत्ती जॅक कनिंगहॅम ह्या सहकाऱ्यासह १९८३ साली निघाली. तीस वर्षे एकच पुस्तक पुन्हा पुन्हा तपासून, नवे ज्ञान घालून, जुने काढून विद्यार्थ्यांच्या हाती देत राहणे ह्याला किती चिकाटी लागते, हे वर्गात खडू धरलेल्या माणसालाच कळेल. प्रकरणाच्या अखेरीस सोडविण्यासाठी उदाहरणे दिलेली, म्हणजे पुस्तक वाचून मान डोलावणाऱ्या विद्यार्थ्याची सुटका नाही. जगभरच्या किती इस्पितळांत ह्या पुस्तकाच्या आधारे मात्रेचे हिशेब झाले असतील!

१९५६ साली ते टोरांटोच्या ओंटारिओ कर्करोग संस्थेत भौतिकशास्त्र विभागाचे प्रमुख म्हणून गेले, आणि १९५८ मध्ये टोरांटो विद्यापीठात वैद्यकीय जैवभौतिकी हा नवा विभाग त्यांनी उभा केला. कामाच्या बाबतीत अतिशय कडक अशी त्यांची ख्याती. माणसे मात्र त्यांनी पारखून गोळा केली. कनिंगहॅम ह्यांनी मात्रेचे हिशेब संगणकावर करण्याची वाट दाखविली. सास्काटूनला जॉन्स ह्यांच्या हाताखाली शिकलेले जेम्स टिल ह्या संस्थेत आले, आणि डॉक्टर अर्नेस्ट मॅकलक ह्यांच्यासह उंदरांच्या अस्थिमज्जेवर किरणांचा परिणाम मोजू लागले. मोजता मोजता त्यांना उंदरांच्या प्लीहेवर लहान गाठी दिसल्या, आणि त्यांतून रक्ताच्या मूळ पेशींचा, म्हणजे ज्यांना 'स्टेम सेल' म्हणतात त्यांचा, पुरावा १९६१ साली जगापुढे आला. अस्थिमज्जा बदलण्याच्या उपचारांना ह्या शोधाने भक्कम पाया मिळाला. गुरूने शिष्याला मोजायला शिकविले आणि शिष्याला त्या मोजण्यातून गुरूच्याही पलीकडचे दिसले, ह्याहून गुरुदक्षिणा ती कोणती?

उत्तरायुष्यात जॉन्स ह्यांनी लक्ष घातले ते रोगनिदानासाठी काढल्या जाणाऱ्या क्ष-किरण चित्रांकडे. चित्र स्पष्ट यावे आणि रुग्णाला किरण कमी लागावेत, ह्यासाठी ते झटले. १९७३ साली त्यांना गेर्डनर पुरस्कार मिळाला. २३ ऑगस्ट १९९८ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आलेखाचा कागद

इतकी मोजमापे, इतकी शिस्त कशासाठी, असे वाचकांना वाटेल. त्याचे उत्तर एका दुःखद घटनेत आहे. कोबाल्टचे सामर्थ्य दर महिन्याला साधारण शेकडा एक ह्या प्रमाणात घटते, आणि सव्वापाच वर्षांत निम्मे होते. म्हणजे आज शंभर सेकंदांत मिळणारी मात्रा सव्वापाच वर्षांनी मिळावी म्हणून दोनशे सेकंद लागतील. अमेरिकेतील एका रुग्णालयात १९७४ ते १९७६ ह्या काळात ही घट दाखविणारा आलेख चुकीच्या पद्धतीने काढला गेला. स्रोत प्रत्यक्षात होता त्याहून दुबळा झाला आहे, असे तो आलेख सांगू लागला, आणि त्याप्रमाणे उपचाराची वेळ वाढत गेली. यंत्राखाली मापक धरून खातरजमा करण्याचे काम महिनोन्‌महिने झालेच नाही. चारशे सव्वीस रुग्णांना वाजवीपेक्षा अधिक मात्रा पोचली. त्यांतल्या कित्येकांना तिचे परिणाम भोगावे लागले.

आमच्या शाळेत मुले आलेखाचा कागद म्हणजे गुण मिळविण्याची सोय समजतात, आणि सरळ रेषा आली की फळी जिंकली असे मानतात. ही हकीकत कळल्यापासून आम्ही गणिताच्या शिक्षकांना विनंती केली आहे की आलेख शिकविताना ती मुलांना सांगावी. आता त्या रविवारच्या पाण्याच्या पात्राचा अर्थही आम्हाला उमगला. मनुष्याचे शरीर बहुतांशी पाणीच. म्हणून पाण्यात मापक बुडवून, आलेख काय म्हणतो ते बाजूला ठेवून, किरण खरोखर किती पोचतात हे तो तरुण सुट्टीच्या दिवशी येऊन पाहत होता.

तुर्भ्याचा धागा

ह्या कहाणीचा एक धागा आपल्या देशापर्यंत येतो. चॉक रिव्हरच्या ज्या एन.आर.एक्स. भट्टीत सास्काटूनचा कोबाल्ट तयार झाला, तिच्याच धर्तीवर कॅनडाच्या साहाय्याने मुंबईजवळ तुर्भे येथे 'सायरस' ही अणुभट्टी बांधली गेली, आणि ती १० जुलै १९६० रोजी कार्यान्वित झाली. १९७४ च्या पोखरणच्या स्फोटासाठी लागलेले प्लुटोनियम ह्याच भट्टीतले, आणि त्यानंतर कॅनडाने अणुक्षेत्रातले सहकार्य थांबविले, हेही इतिहासात नमूद आहे. सायरस २०१० च्या अखेरीस कायमची बंद झाली. आपल्याकडील कोबाल्ट-६० पुढे राजस्थानातील रावतभाट्याच्या अणुभट्ट्यांत तयार होऊ लागला. ते वीजकेंद्रही आरंभी कॅनडाच्याच मदतीने उभारलेले. एकाच विद्येतून स्फोटही निघतो आणि औषधही निघते. कोणते काढावयाचे हे भट्टी ठरवीत नाही.

तुर्भ्यालाच १९६२ पासून इस्पितळांसाठी भौतिकशास्त्रज्ञ तयार करण्याचा वर्षभराचा अभ्यासक्रम सुरू झाला. देशातल्या इस्पितळांत पिढ्यान्‌पिढ्या हे काम सांभाळणारे कितीतरी जण तेथून शिकून बाहेर पडले. ह्या मंडळींची अखिल भारतीय संघटना १९७६ साली स्थापन झाली. पुढे भाभा अणुसंशोधन केंद्राने 'भाभाट्रॉन' नावाचे स्वदेशी कोबाल्ट यंत्रही तयार केले. मोठ्या शहरांत आता कोबाल्टची जागा विजेवर चालणाऱ्या लिनिअर ॲक्सिलरेटर यंत्रांनी घेतली आहे. परंतु यंत्र कोणतेही असो, त्याच्या मागे पाण्याचे पात्र आणि वही घेऊन बसणारा माणूस लागतोच. २०१३ पासून ७ नोव्हेंबर हा मादाम क्युरींचा जन्मदिवस ह्या व्यवसायाचा जागतिक दिवस म्हणून पाळला जातो. सास्काटूनच्या त्या चार मुलांच्या आईचा उपचार सुरू झाला तो दिवस त्याच्या दुसऱ्याच दिवशी येतो.

आता पुन्हा त्या पालकांकडे वळू. आम्ही त्यांना काहीही लपवून ठेवले नाही. एम.एस्‌सी. नंतर वर्षाची पदविका, तिच्यासाठी चढाओढीची परीक्षा, त्यावर इस्पितळात आणखी वर्षभर उमेदवारी. जागा मोजक्या. दारावर डॉक्टरांच्या नावाची पाटी असते, हिची असेलच असे नाही. बरा झालेला रुग्ण पेढे घेऊन येतो तो डॉक्टरांकडे. हे सारे सांगून झाल्यावर आम्ही अक्काची गोष्ट सांगितली. त्या उपचारानंतर अक्का नऊ वर्षे आमच्यात होती. दोन नातवंडांच्या मुंजी तिने पाहिल्या, दर दिवाळीला अनारसे तीच तळीत असे. त्या तरुणाचे नाव तिला अखेरपर्यंत ठाऊक नव्हते, आणि आम्हीही ते विचारून घेतले नाही, ह्याची आम्हाला आजही खंत वाटते.

पालक बराच वेळ काही बोलले नाहीत. मग टोपी उचलीत म्हणाले, "म्हणजे सर, स्थळ आलं तर सांगायचं, मुलगी इस्पितळात औषधाचं माप करते." आम्ही म्हटले, "अगदी तेच सांगा. आणि कुणी अधिक विचारलं, तर आमच्याकडे पाठवा."

मुलीने एम.एस्‌सी.ला नाव घातले आहे. परवा ती भेटावयास आली होती, तेव्हा आम्ही तिला विचारले, आलेख काढताना कागद कोणता घेतेस? ती हसली आणि म्हणाली, "सर, आधी मोजते, मग काढते."